पर्यावरणविज्ञानाची पदवी आणि वालधुनीचे पाणी

महाविद्यालयीन शिक्षणात ‘पर्यावरण’ या नावाखाली दोन भिन्न गोष्टी नांदतात. पहिली म्हणजे सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकविला जाणारा सक्तीचा अभ्यासक्रम. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जो निर्णय दिला, त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवीपूर्व वर्गांकरिता सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला. दुसरी गोष्ट म्हणजे पर्यावरणविज्ञान हा मुख्य विषय घेऊन संपादन केलेली विज्ञानशाखेची पदवी. पहिलीत जाणीव अपेक्षित असते, दुसरीत मापन. दोहोंचे नाव जवळजवळ एकच असल्याने पदवी म्हणजे त्या सक्तीच्या विषयाचाच काहीसा लांबविलेला अवतार होय, असा समज विद्यार्थ्यांत आणि क्वचित प्राध्यापकवर्गातही आढळतो.

या समजास शब्दांनीही हातभार लावला आहे. प्राथमिक शाळेत मुलाची गाठ ‘परिसर अभ्यासा’शी पडते, महाविद्यालयात ‘पर्यावरणा’शी. परिसर शब्दाच्या मुळाशी ‘सृ’ म्हणजे सरणे, वाहणे हा धातू आहे. पर्यावरणाच्या मुळाशी ‘वृ’ म्हणजे झाकणे, वेढणे हा. एकात सभोवतालची हालचाल सूचित होते, तर दुसऱ्यात वेष्टन. व्युत्पत्तीवरून शास्त्राची व्याप्ती ठरत नाही, हे खरे. तथापि ‘वेष्टना’ची कल्पना मनात रुजली, की ज्यात काही वाहते, मिसळते आणि बदलते अशा वस्तूचा विचार मागे पडतो. परिस्थितिकीशी होणारी गल्लतही अशीच. हेकेलने १८६६ मध्ये नाव दिलेले ते शास्त्र सजीवांच्या परस्परसंबंधांचे आहे. पर्यावरणविज्ञान त्याचा आधार घेते, परंतु रसायन, भूशास्त्र, वातावरणशास्त्र, विषशास्त्र आणि कायदा यांनाही एकाच प्रश्नापुढे आणून उभे करते.

तो प्रश्न कसा असतो, हे अंबरनाथ येथे स्पष्ट दिसते. तेथील शिवालयाच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा निर्देश आहे. ते शिवालय ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, ती नदी अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून वाहत कल्याणच्या बाजूस उल्हास नदीस मिळते. लोकांच्या बोलण्यात तिचा उल्लेख पुष्कळदा ‘नाला’ असाच होतो. नदीस नाला म्हटले, की तिच्यात सांडपाणी असणे स्वाभाविक वाटू लागते. शब्दाचा हा परिणाम लहानसा समजू नये.

‘सांडपाणी’ हा शब्द तर याहूनही अधिक घोटाळ्याचा आहे. सांडलेले, टाकून दिलेले पाणी एवढाच त्याचा अर्थ. त्यात घरांतील मैलापाणी आले आणि रासायनिक कारखान्यांतील पाणीही आले. वालधुनीत दोन्ही प्रकार मिसळतात, आणि मापनाची खरी अडचण येथेच सुरू होते.

मैलापाण्याची तीव्रता जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीवरून ठरवितात. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात, याचे हे माप. मूळ इंग्लंडातील प्रघात पाच दिवसांचा व २० अंश सेल्सिअसचा. भारतात उष्ण हवामानास अनुरूप अशी तीन दिवसांची, २७ अंशांची कसोटी प्रचलित आहे. भूपृष्ठीय जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यास तिची सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला ३० मिलिग्रॅम अशी घातलेली आहे. कसोटी सुबोध आहे, परंतु तिचा कर्ता जीवाणू आहे. पाण्यात जड धातू किंवा विषारी रसायने असतील, तर हा कर्ताच मरतो. ऑक्सिजन खर्च होत नाही आणि आकडा लहान येतो. केवळ रसायन शिकलेला नवखा विद्यार्थी तो आकडा पाहून पाणी बरे आहे असे लिहील. वस्तुतः ते इतके वाईट असते, की त्यात जीवाणूही तग धरीत नाहीत.

म्हणून रासायनिक ऑक्सिजन मागणी हे दुसरे माप घ्यावे लागते. त्यात जीवाणूंऐवजी आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटकडून ऑक्सिडीकरण करविले जाते. विषाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तेथे सर्वसाधारण मर्यादा २५० मिलिग्रॅम. दुसरा आकडा फार मोठा व पहिला संशयास्पदरीत्या लहान आला, तर मैलापाण्यापलीकडचे काही तरी आहे, असा तर्क करता येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचण्यास रसायन व सूक्ष्मजीवशास्त्र या दोहोंची गरज लागते. वेगवेगळ्या विभागांत हे दोन विषय शिकणाऱ्यास ती सवय क्वचितच लागते. पदवीचे समर्थन करावयाचे तर ते येथे करावे. ‘निसर्गप्रेम’ वगैरे शब्दांनी ते होत नाही.

नमुना केव्हा घेतला, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत घातक रसायन सोडले गेल्याने उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना श्वसनाचा व मळमळीचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. अशी घटना थोडक्या वेळात घडून जाते. ठरल्या दिवशी एकदाच भरलेल्या बाटलीत तिचा मागमूस सापडेलच असे नाही. ठराविक अंतराने घेतलेले नमुने एकत्र केले, तर सरासरी कळते, पण क्षणिक उसळी त्या सरासरीत बुडून जाते. कोणत्या वेळी कोणती पद्धत वापरावी, हा निर्णय संख्याशास्त्राचा तर आहेच, शिवाय प्रवाहाच्या वेगाचा, आणि कारखान्याच्या पाळ्यांचाही आहे.

यानंतर कायदा येतो. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविषयीचा आपला कायदा १९६९ मध्येच केला होता. केंद्राचा कायदा १९७४ चा. केंद्रीय कायद्याच्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना घेताना संबंधित कारखानदारास नोटीस द्यावी लागते, आणि तो हजर राहून तशी मागणी करील, तर त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. दोन्ही भाग मोहोरबंद करून त्यांवर उभयपक्षांच्या सह्या घेतात. ही रीत चुकली, तर प्रयोगशाळेतील आकडा बिनचूक असूनही न्यायालयात तो पुरावा म्हणून टिकत नाही. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. अशा वादात बाटलीवरील सहीस बाटलीतील पाण्याइतकेच महत्त्व येते. अभ्यासक्रमात कलम २१ बहुधा सैद्धांतिक प्रश्नपत्रिकेत टिपेपुरते विचारले जाते. त्याची जागा प्रयोगवहीत, नदीकाठच्या नमुनासंकलनाच्या पाठात आहे.