कोर्लई : खाडीपलीकडचे पोर्तुगीज बोल

इटलीच्या किनाऱ्यावरील पोर्टोफिनो या कोळीगावाचे चित्र पाहिले नाही, असा कॅलेंडरांचा शौकीन विरळाच. निळे पाणी, काठाशी रंगीत घरांची रांग, धक्क्याला होड्या आणि वर टेकडीवर जुना किल्ला! असे चित्र पाहून उसासा टाकण्यात आमच्या मंठ्यातली माणसे कोणाला हार जाणार नाहीत, कारण गावापासून समुद्र चारशे किलोमीटरांहूनही दूर. पण उसासे टाकण्यासाठी इटलीपर्यंत कशाला जायला हवे? रायगड जिल्ह्यातले कोर्लई आहे ना!

अलिबागहून रेवदंडा गाठावे, कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावला यावे आणि मुरूडच्या रस्त्याने थोडे पुढे जावे. उजव्या हाताला समुद्रात घुसलेला एक लांबट डोंगर दिसतो. त्याच्या पाठीवर किल्ला आणि पायथ्याशी कोर्लई गाव. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळूत पसरलेली जाळी आणि वाऱ्यावर येणारा सुकत्या मासळीचा वास. हा वास मात्र कॅलेंडरात नसतो!

या पाण्यावर पूर्वी मोठी वर्दळ असे. पलीकडचे चौल हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. १५०८ साली चौलजवळच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट उभारायला घेतला. पण समोरचा हा डोंगर ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचे तोंड! निजामशाहीने डोंगरावर तटबंदी करून तोफा चढवल्या तेव्हा पोर्तुगीजांची झोप उडाली आणि १५९४ साली त्यांनी हल्ला करून ती जागा घेतली. धुमश्चक्रीत एक हत्ती दरवाजातच कोसळला, दार लावता येईना आणि शत्रू आत शिरला, असे सांगतात. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७४० साली चौल, रेवदंडा, कोर्लई हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला.

पोर्तुगीज गेले. पण जाताना ते एक वस्तू विसरले, आणि तीच या गावाची खरी नवलाई.

चौलला ठाण मांडल्यावर पोर्तुगीज शिपायांनी इथल्याच बायकांशी लग्ने केली होती. त्यांच्या घरांतून, चाकरमाणसांतून आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतून एक मिश्र भाषा तयार झाली. सत्ता गेली तरी ही मंडळी कोर्लईलाच राहिली. भोवतालचे शेजारी वेगळ्या धर्माचे. त्यामुळे सोयरिकी आपसातच होत राहिल्या आणि घरातली बोली घरातच टिकली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली अख्खा ग्रंथ लिहिला. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीच्या वळणावर गेलेली. क्रियापद आपल्यासारखे शेवटी येऊन बसते. जणू परदेशी पाहुणी शेवटी नऊवारी नेसू लागली!

आपण तरी कुठे कोरडे राहिलो? चावी, साबण, बादली, पगार, घमेले, बटाटा हे सगळे त्याच गलबतांतून आले. हापूस आंब्याच्या नावातही एक आफोन्सो दडला आहे. आपल्याला शब्द मिळाले, कोर्लईकरांना सबंध भाषा मिळाली, इतकाच फरक.

चर्चजवळच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. नातवंडांना तिने हाक मारली ती त्या भाषेत, आणि मला पाहताच ती स्वच्छ मराठीत वळली.

"कुठले तुम्ही?"

"मंठ्याचा. जालन्याकडचा."

"तिकडं दर्या आहे?"

"नाही, आजी."

"मग मासळी कशी मिळते?" तिला माझी मनापासून कीव आली असावी.

नातवंडे शाळेत मराठी शिकतात, मोठी माणसे पोटासाठी मुंबईला जातात. ही बोली बोलणारी माणसे आता हजाराच्या आसपासच. पोरांना येते का, असे विचारल्यावर आजी म्हणाली, "समजतं सगळं. उत्तर मात्र मराठीत देतात." एवढे बोलून तिने सूप पुन्हा हाती घेतले. पुढे काही विचारायला माझी जीभ रेटेना.

किल्ला चुकवू नये. दीपगृहामागून चढण लागते. पाऊण तासात माणूस धापा टाकत का होईना, वर पोहोचतो. ढासळलेले चर्च, पाण्याची टाकी, गंजलेल्या तोफा आणि दोन्ही अंगांना समुद्र! समोर रेवदंड्याचा कोट, मधून कुंडलिकेचे पाणी. खालून आलेला दमलेला गृहस्थ इथे अर्धा तास मुकाट बसतो, हा अनुभव.

जायचे ते थंडीत जावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि किल्ल्याच्या वाटा निसरड्या होतात. पाण्याची बाटली बरोबर असू द्या. वर टपरी नाही. आणि ओट्यावर कोणी आजी दिसली, तर घाई न करता थोडा वेळ बसा.