बंदुकीमागचे डोळे

लेखमाला : जुनी पुस्तके, जुनी राने – भाग ५

भारतातल्या बदकांविषयी एकोणिसाव्या शतकात जे बारकाईने लिहिले गेले, त्यातले बरेचसे बदके मारणाऱ्यांनी लिहिले. आजच्या वाचकाला हे खटकेल, आणि खटकायलाच हवे. तरीही ते खरे आहे. पूर्व विदर्भातल्या तलावांवरचे पक्षी पुस्तकांत कसे आले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव शाळेच्या पुस्तकात १८८५च्या काँग्रेस-स्थापनेसोबत येते. याच ह्यूम यांनी सी. एच. टी. मार्शल यांच्या जोडीने ‘द गेम बर्ड्स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात कोलकात्याहून काढला. गेम बर्ड्स म्हणजे शिकारीचे पक्षी. देशभरचे लष्करी, मुलकी आणि जंगल खात्यातले अधिकारी ह्यूम यांना पत्रे लिहीत. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठे दिसला, घरटे कशावर होते, पोटात कोणते धान्य निघाले, असा मजकूर त्यांत असे. पोटातले धान्य बघायला पक्षी मारावा लागतो, हे उघड आहे. पण त्या काळच्या दुसऱ्या कागदांत बदकाच्या पोटातल्या दाण्यांची नोंद क्वचितच सापडते, हेही तितकेच खरे आहे. पुढे ह्यूम यांची वर्षानुवर्षे जमवलेली हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली गेली. त्या धक्क्याने त्यांचे पक्ष्यांवरचे काम जवळजवळ थांबले, आणि आपला अफाट संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. शिकारीच्या पक्ष्यांवर एवढा मोठा ग्रंथ काढणारा हा माणूस पुढे शाकाहारी झाला.

दुसरे नाव ई. सी. स्टुअर्ट बेकर यांचे. आसामात पोलीस खात्यात असलेल्या या अधिकाऱ्याने बिबट्याच्या हल्ल्यात एक हात गमावला होता. भारतीय बदकांवरचे त्यांचे लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आले आणि १९०८ साली त्यांचे रंगीत चित्रांसह पुस्तक झाले. म्हणजे तीही मुळात एक लेखमालाच. सोसायटीची स्थापना १८८३ची. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीचे शौकीन पुष्कळ होते, आणि शिकारीच्या गप्पा व शास्त्रीय टिपणे एकाच अंकात शेजारी शेजारी छापली जात.

शिकाऱ्याला इतके कसे दिसले? बदकाची शिकार ही मुख्यतः वाट पाहण्याची कला आहे. बदके दिवसा मोकळ्या पाण्यावर विसावतात आणि अंधार पडता पडता चरायला धानाच्या बांध्यांकडे, चिखलाकडे उडतात. पहाटे परततात. या दोन वेळा आणि त्या वेळचा हवेतला मार्ग ज्याला ठाऊक, त्यालाच बदक मिळे. म्हणून शिकारी तास न् तास गवतात, थंडीत, गुडघाभर पाण्यात निश्चल बसे. वारा कुठून आहे, चांदणे किती आहे, पुढचा थवा शिट्टी घालत येतो की नुसत्या पंखांच्या फडफडीने, हे सगळे त्याला टिपावे लागे. अशा बसण्यात बंदुकीचा बार क्षणभराचा, आणि पाहणे रात्रभराचे.

इंग्लंडात या वाट पाहण्यावर एक अख्खे साहित्य उभे राहिले. कर्नल पीटर हॉकर यांचे तरुण शिकाऱ्यांना उपदेश करणारे पुस्तक १८१४चे. सपाट होडीवर बसवलेल्या प्रचंड बंदुकीने एका बारात डझनावारी पाणपक्षी लोळवण्याचे तंत्र त्या काळात भरात होते. विसाव्या शतकात याच परंपरेत ‘बीबी’ हे टोपणनाव घेतलेले डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड आले. हंसांच्या शिकारीत वापरतात त्या छऱ्याच्या मापाचे नाव त्यांनी स्वतःला घेतले. त्यांची ‘ब्रेंडन चेस’ (१९४४) ही तीन भावांची गोष्ट आहे. शाळा टाळून ते रानात पळतात आणि ओकच्या पोकळ खोडात संसार थाटतात. पोरांच्या रानातल्या धाडसाची गोष्ट आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीचे पुस्तक ही तिथे जुळी भावंडे होती, कारण दोन्ही लिहिणारा हात एकच असे.

सर पीटर स्कॉट यांचे उदाहरण तर जास्तच बोलके आहे. अंटार्क्टिकावर मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा हा मुलगा तरुणपणी पट्टीचा बदकशिकारी होता. १९३५ साली ‘मॉर्निंग फ्लाइट’ हे त्याचे स्वतःच्या चित्रांनी सजलेले पुस्तक आले. पुढे त्याने बंदूक खाली ठेवली, १९४६ साली स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली आणि १९६१मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेत भाग घेतला. त्या संस्थेचे पांडाचे चिन्ह त्याच्याच हातचे.

या पुस्तकांचा गौरव करताना एक आकडा मात्र नजरेआड करता येत नाही. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडावर अभिमानाने कोरून ठेवला आहे. तिथे कोणी वाट पाहत नव्हते. हाकारे होते, बंदुका भरून देणारे नोकर होते, मोजणारे कारकून होते. अशा शिकारीतून एकही चांगले पुस्तक निघाले नाही.

आता आपल्या नदीकडे. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा शहराला वळसा घालून खाली जाते. सिवनीच्या रानावर आर. ए. स्टर्नडेल यांनी ‘सिवनी, ऑर कॅम्प लाइफ ऑन द सातपुडा रेंज’ हे शिकार आणि तंबूतल्या मुक्कामांचे पुस्तक १८७७ साली लिहिले. रुडयार्ड किपलिंग त्या रानात कधी फिरले नव्हते. त्यांनी स्टर्नडेल वाचले, आणि १८९४-९५मध्ये मोगलीच्या गोष्टींची पुस्तके प्रसिद्ध केली. जगभरच्या पोरांना रानाचे वेड लावणाऱ्या त्या गोष्टींत मोगली ज्या नदीत उडी मारतो, ती ही वैनगंगा. त्याच्या मागे लागणारी तांबडी कुत्री म्हणजे आपले रानकुत्रे. नागझिऱ्याच्या रानात ते आजही टोळीने फिरतात. भंडाऱ्याच्या शाळेतल्या मुलाला मोगली कार्टूनमधून ठाऊक असतो. ही त्याच्या नदीची गोष्ट आहे, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

नदीपेक्षाही भंडाऱ्याची ओळख तलावांची. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. हे लोक काशीकडून आले, असे त्यांची परंपरा सांगते. ऊस आणि धानाला पाणी हवे म्हणून दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची, सांडव्याची जागा अचूक हेरायची, ही त्यांची विद्या. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांकडे होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजे मामा तलाव झाले. पाण्यातली मासळी आणि शिंगाडा यांवर मासेमार ढिवरांचे पोट. तलवार बदक, थापट्या अशी हिवाळी पाहुणी बदके, आणि बारा महिने इथेच राहणारी अडई, हळदीकुंकू, नकटा ही सगळी याच पाण्यावर.

पाण्यात डोंगा घेऊन फिरणाऱ्यांकडेही बदके पकडण्याच्या रीती होत्या. देशात ठिकठिकाणी जुन्या लेखकांनी नोंदलेली एक रीत अशी : रिकामी गाडगी पाण्यावर दिवसेंदिवस तरंगत ठेवायची. बदके त्यांना बुजेनाशी झाली की भोके पाडलेले तसेच गाडगे डोक्यावर घेऊन माणूस मानेइतक्या पाण्यात शिरे आणि बदकाचा पाय धरून ते अलगद खाली ओढी. शेजारच्या बदकालाही पत्ता लागत नसे. पक्ष्याला काय दिसते, कशाचे भय वाटते आणि ते भय किती दिवसांत मरते, याचा एवढा सूक्ष्म अभ्यास कुठल्या प्रयोगशाळेत झाला असेल? तो करणाऱ्यांनी मात्र पुस्तके लिहिली नाहीत.

त्यांच्याकडचे ज्ञान मराठीत आले ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींना पक्ष्यांची पहिली नावे आई आणि मामांकडून मिळाली. पुढे कोइमतूरला वनशिक्षण घेऊन ते महाराष्ट्राच्या वनखात्यात आले आणि नवेगावबांधला राहिले. तेव्हा नवेगाव भंडारा जिल्ह्यात होते, १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते गाव त्यात गेले. नवेगावला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. नवेगावात त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. माधवराव एकेकाळचे शिकारी. तलाव, रान आणि त्यातला प्रत्येक जीव त्यांच्या ओळखीचा. वनाधिकारी आणि माजी शिकारी यांच्यात एरवी फिर्यादी-आरोपीचे नाते असते, इथे ते शिष्य-गुरूचे झाले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकांत माधवरावांचा आवाज ठिकठिकाणी येतो. आपल्याला हे कोणी सांगितले, याचा उल्लेख चितमपल्ली टाळत नाहीत. ढिवर, गोंड, कोहळी यांच्याकडून मिळालेली पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे त्यांनी आयुष्यभर टिपून ठेवली. बगळ्यांच्या सामुदायिक वीणवस्तीला मराठीत नाव नव्हते, तिथे त्यांनी ‘सारंगागार’ हा शब्द रूढ केला. ह्यूमच्या पत्रलेखकांत साहेब होते. चितमपल्लींच्या माहितीदारांत पागोटे बांधणारे आणि उघड्या अंगाने पाण्यात उतरणारे होते, आणि ते नावानिशी पुस्तकात आले. पाणपक्ष्यांवरच्या साऱ्या जुन्या-नव्या लेखनात नवेगावची ही पुस्तके उजवी ठरतात, ती याच कारणाने.

२००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चितमपल्लींकडे आले. २०२५मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

पूर्व विदर्भातल्या रानांवर लिहिणारे चितमपल्ली एकटे नव्हते. व्यंकटेश माडगूळकर यांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. नागझिऱ्यात ते गेले ते वही आणि चित्रकलेचे साहित्य घेऊन, आणि ‘नागझिरा’ हे छोटेखानी पुस्तक त्यातून निघाले. वानरांच्या टोळ्यांवरची त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी १९८३ साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराची मानकरी ठरली. पुढे किरण पुरंदरे यांनी त्याच रानात चारशे दिवस राहून ‘सखा नागझिरा’ लिहिले.

पण एक जागा रिकामीच राहिली. मराठीत मुलांच्या धाडसाची पुस्तके आहेत. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा बनेश सायकलवरून चोरांचा पाठलाग करतो आणि वाचणाऱ्या पोराचा श्वास अडकतो. भंडाऱ्याच्या तलावावर वाढलेला पोरगा मात्र त्या पानांत नाही. बापासोबत पहाटे डोंग्यात बसणारा, शिंगाड्याच्या वेलीत अडईची पिल्ले पाहिलेला, नकटा बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतो हे कुणी न शिकवता जाणणारा ढिवरांचा, गोंडांचा मुलगा. ‘ब्रेंडन चेस’मधल्या भावांना रानात पळून जावे लागले. या मुलाच्या घराचे दारच रानात उघडते. त्याची गोष्ट कोणी लिहायला घेतली, तर बंदुकीशिवायची आणि तरी रोमांचक अशी किशोरकादंबरी मराठीला मिळेल.

ती बंदुकीशिवायचीच असायला हवी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बदकांची शिकार परवान्याने करता येत असे, १९९१च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. हे योग्यच झाले. शिशाचे छरे तळाच्या चिखलात वर्षानुवर्षे राहतात, पक्षी ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, हे शास्त्राने पुढे दाखवून दिले. आज तलावांना बंदुकीचे भय फारसे नाही. गाळ, बेशरमाची झुडपे, काठावरची अतिक्रमणे आणि विषारी फवारे यांचे आहे. धानाच्या बांधीत घरटे करणारा सारस महाराष्ट्रात आता गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्याच पट्ट्यात मोजक्या संख्येने उरला, आणि २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. दुसरीकडे, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवरांना सोबत घेऊन तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम करते. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर रुजते आणि कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, हे सांगायला तिथे जाणती ढिवर माणसेच लागतात. माधवरावांनी चितमपल्लींना दिलेले ज्ञान याच जातीचे होते.

साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी भागांतल्या जुन्या मालगुजारी घरांत, माळ्यावरच्या ट्रंकांत शिकारीच्या नोंदवह्या, परवाने, छायाचित्रे पडून असतील. ती रद्दीत घालू नका. सिमल्याला ह्यूम यांच्या कागदांचे काय झाले, ते वर सांगितलेच आहे. ज्यांच्याकडे असे काही असेल, त्यांनी आधी त्याची प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाकडे पोहोचवावी. आणि गावात सत्तरी ओलांडलेला एखादा ढिवर आजोबा असेल, तर या हिवाळ्यात त्याच्याशेजारी पाळीवर बसून बदकांची त्याच्या तोंडची नावे वहीत उतरवून घ्यावीत.