पेटीतले कागद आणि माहेरचे नाव

मानखुर्द स्थानकाबाहेर पडून कोणत्याही वस्तीकडे वळावे, एखाद्या खांबावर वृद्ध स्त्रीचे छायाचित्र असलेला फलक दृष्टीस पडतोच. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल’ म्हणून नातवंडांची नावे आणि मधोमध पदर सावरून कॅमेऱ्याकडे काहीशा संशयाने पाहणारी आजी. पंधरवड्यात तो फलक उतरतो. कोठे तेरावे होते, कोठे जलदानविधी, कोठे चाळिसावा. पाहुणे जेवून परततात आणि घर पुन्हा कामाला लागते, लागावेच लागते.

आजीची अधिकृत नोंद त्याआधीच झालेली असते. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृत्यू एकवीस दिवसांत कळवावा असे सांगतो. नाव, वय, पत्ता, पतीचे किंवा वडिलांचे नाव इतके रकाने भरले, की सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य संपल्याचा दाखला हाती पडतो. निवृत्तिवेतन घेणारा म्हातारा असेल तर त्याने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला दिलेला असतो. आता त्याच्या पश्चात मुले उलट दाखला देतात, एवढाच फरक. शिधापत्रिकेवरचे नाव कमी करण्यास हा कागद पुरतो. पण आजी कोण होती, हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे.

ते काम मग कोणाचे? कोकणातल्या किंवा देशावरच्या घरात ते काही अंशी वास्तूच करते. तुळशीवृंदावन, परसातला फणस, बांधावरची बाभूळ, देवघरातली घासून गुळगुळीत झालेली सहाण यांपैकी काहीतरी गेलेल्या माणसाचे नाव घेत राहते. मानखुर्दला अशी सोय नाही. हे उपनगर बव्हंशी कोठून तरी हलवलेल्या माणसांचे आहे. कोणी दुष्काळाने गाव सोडून आले, कोणाच्या रुळांकाठच्या झोपड्या उठल्या आणि त्यांना गेल्या पंचवीस वर्षांत लल्लुभाई कंपाउंडच्या इमारतींत सव्वादोनशे चौरस फुटांची खोली मिळाली. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीला गेली. तोवर हार्बरची गाडी येथेच संपत असे. ज्यांच्या आजी आज जात आहेत, त्यांनी मानखुर्द पाहिले ते शेवटचे स्थानक म्हणून.

अशा घरातली आजी मागे ठेवते ती एक पत्र्याची पेटी. तिच्यात दागिने क्वचितच असतात. असतात ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसापासून राखलेले कागद. १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची गणना झाली आणि त्यानंतर कुटुंबांना फोटोपास मिळाले. पुढे शासनाने संरक्षणासाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख मानली, नंतर १ जानेवारी २००० मानली. प्रत्येक तारखेबरोबर पेटी उघडली गेली. निरक्षर म्हातारीला कोणता कागद कोठे आहे हे स्पर्शावरून कळे, असे अनेक घरांत सांगतात. डोक्यावरचे छप्पर तिच्या या दक्षतेने टिकले, ही गोष्ट नातवंडे कृतज्ञतेने मान्यही करतात. मात्र पेटीतला प्रत्येक कागद जपणाऱ्या घराने तिचे बोलणे कोठेच जपले नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तिच्या बोलण्यात काय होते, याचा एक नमुना मानखुर्दपासून हाकेच्या अंतरावर आहे. अणुसंशोधन केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी नावाची सुमारे सत्तर हजार माणसांची वस्ती होती. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ती उठवून लोकांना ट्रॉम्ब्याच्या चिता कॅम्पात नेण्यात आले. त्या वस्तीच्या लढ्याचे अग्रणी जोकिन अर्पुथम. कोलार खाणींच्या परिसरातून आलेल्या या तरुणाने कॉलनीतली मुले जमवून साचलेला कचरा थेट पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकला होता. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी ते निवर्तले, तेव्हा मुलाखती, लेख, छायाचित्रे असे पुष्कळ मागे उरले. ते योग्यच झाले. पण त्या मे महिन्यात कडेवर मूल आणि डोक्यावर भांड्यांची बोचकी घेऊन निघालेली विशीतली सून आज सत्तरीच्या आसपास आहे, किंवा नाही. पहिल्या रात्री चूल कोठे मांडली, पाणी कोठून आणले, शेजारीण हरवली ती पुन्हा भेटली का, हे फक्त तिला ठाऊक होते. तिची मुलाखत घ्यायला कोणी आले नाही, आणि घरातल्यांना ती रोजच दिसत होती.

रोज दिसणाऱ्या माणसाला त्याची हकीकत विचारावी, हे सुचायला निमित्त लागते. वडाळ्यात राहणाऱ्या एका कुटुंबात ते निमित्त थोडे गमतीचे होते. दामोदर रुंजाजी जाधव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे. गावकीच्या महारकीत अपमान सोसून, तो एके दिवशी असह्य होऊन, मुंबईला निघून आलेले. पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार. निवृत्तीनंतर रिकामे बसवेना, म्हणून ते घरातल्या वस्तू दुरुस्त करण्याच्या मागे लागले आणि घरचे जेरीस आले. तेव्हा धाकट्या नरेंद्रने, म्हणजे पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून नावारूपास आलेल्या डॉ. नरेंद्र जाधवांनी, त्यांना आठवणी लिहायला बसवले. शिक्षण जेमतेम, लेखणीची सवय नाही. तरी म्हातारा लिहू लागला. १९८९ साली ते वारले. १९९३ मध्ये ग्रंथालीने ‘आमचा बाप आन् आम्ही’ प्रसिद्ध केले, त्याला आधार होता तो या लिखाणाचा. पुढे ते पुस्तक अनेक भाषांत गेले.

या हकीकतीत मोठेपणाचा भाग आहे तो मुलांच्या यशाचा, असे सहसा मानले जाते. अधिक मोलाचा भाग बहुधा दुसराच असावा. वडील हयात असताना मुलाने विचारले. मृत्यूनंतर लिहिले असते तर ते पुत्राचे शोकगीत झाले असते. सुंदर झाले असते कदाचित, पण त्यात ओझरची विहीर, शिव्या, भूक आणि वडिलांचा तिखट विनोद वडिलांच्या तोंडून आला नसता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मागेही मुलगा देवदत्त याचा आग्रह होता, हे येथे आठवते.

मानखुर्दच्या घरांत मुले नाहीत असे नाही, शिकलेली नाहीत असेही नाही. अडचण भाषेची आहे. आजी मराठवाड्याच्या बोलीत, कोकणीत किंवा तमिळमध्ये बोलते; नातू इंग्रजी शाळेत जातो आणि गल्लीत हिंदी बोलतो. तिचे अर्धे शब्द त्याला कळत नाहीत आणि कळत नाहीत असे सांगायचा त्याला संकोच वाटतो. शिवाय म्हाताऱ्या माणसांना दुःखाचे विचारणे बरे नाही, अशीही एक समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेकींना कोणी विचारत नाही याचेच दुःख असते; मात्र काहींना खरोखर बोलायचे नसते, आणि तो त्यांचा अधिकार आहे, हेही खरे.

आजी गेल्यावर पेटी पुन्हा उघडते, ती खोली मुलाच्या नावे करण्यासाठी. तेव्हा असे निघते, की फोटोपासावर नाव एक आहे आणि शिधापत्रिकेवर किंचित वेगळे. मतदारयादीत तिसरेच. मग वकील गाठून प्रतिज्ञापत्र करायचे, की या तिन्ही स्त्रिया एकच. टंकलेखक सहज विचारतो, लग्नापूर्वीचे नाव काय होते? मुलगा बायकोकडे पाहतो, बायको नणंदेकडे. सासरी आल्यावर नाव बदलले होते एवढे सर्वांना माहीत असते. माहेरी तिला काय म्हणत, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. टंकलेखक तो रकाना कोरा सोडतो आणि पुढे सरकतो.