आठ मुलं, बारा दोऱ्या

वर्गातल्या आठ मुलांना गोल उभं करा. कोणीही कोणालाही चिठ्ठी पाठवू शकेल, पण चिठ्ठी दोरीवरूनच जाईल. मग किती दोऱ्या लागतील?

प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडलं, तर २८. चिठ्ठी एका टप्प्यात पोचेल, पण प्रत्येकाच्या हातात सात-सात दोऱ्या! नुसते शेजारी जोडले तर आठ दोऱ्या पुरतात. मात्र समोरच्या मुलापर्यंत चार टप्पे.

आता मुलांना ००० ते १११ असे द्विमान क्रमांक द्या. ज्यांच्या क्रमांकात एकाच अंकाचा फरक आहे, त्यांनाच जोडा. दोऱ्या १२, टप्पे फार तर तीन. ००० कडून १०१ कडे जायचं तर वेगळे अंक एकेक करून बदलायचे: ०००, ००१, १०१. पत्ता हाच रस्ता! नीट पाहा, हा घन आहे. मुलं म्हणजे कोपरे, दोऱ्या म्हणजे कडा.

महासंगणक बांधणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. हजारो प्रोसेसर एकच गणित वाटून घेतात आणि मधली उत्तरं एकमेकांना कळवतात. शेवटची 'चिठ्ठी' पोचेपर्यंत बाकीचे खोळंबतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत बनलेल्या 'कनेक्शन मशीन'मध्ये ६५,५३६ साधे प्रोसेसर होते, एकेका चिपवर १६. या ४,०९६ चिप सर्वांना सर्वांशी जोडायला सुमारे ८४ लाख जोडण्या लागल्या असत्या. गोलात जोडल्या असत्या, तर २,०४८ टप्पे. घनाची युक्ती १२ अंकी क्रमांकांना लावली, की २४,५७६ जोडण्या आणि फार तर १२ टप्पे.

पण चिप दुप्पट झाल्या की प्रत्येक चिपला आणखी एक जोडणी लागते. शिवाय बारा मितींचा घन आपल्या तीन मितींच्या खोलीत बसवताना काही तारा फार लांबतात.

म्हणून २००८ मध्ये 'ड्रॅगनफ्लाय' ही रचना मांडली गेली. स्विचचे गट करायचे. गटात जवळच्या तारा, आणि गटागटांमध्ये लांब प्रकाशीय तारा. जणू गावातल्या गल्ल्या आणि गावं जोडणारे रस्ते. आपल्या गटात एक, गटाबाहेर एक, पलीकडे एक, असे तीन टप्पे पुरतात. २०२२ च्या अमेरिकी 'फ्रंटियर' महासंगणकात हीच रचना आहे. मात्र सगळे एकाच रस्त्यावर आले, तर कोंडी होते. मग काही संदेश मुद्दाम तिसऱ्या गटातून वळवतात.

तारा वाचवल्या की टप्पे वाढतात, टप्पे वाचवले की कोंडी. आता घनातली ०००–००१ ही दोरी कापा. चिठ्ठी पोचते का? किती टप्प्यांत? आणि गोलातली एक दोरी कापली, तर? मुलांनाच शोधू द्या.