दाबाखालची हवा – भाग ७ : खांद्यावर ठोकलेला आकडा

घरच्या गॅस सिलिंडरवरच्या ए, बी, सी, डी या अक्षरांबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर माधवनगरच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आला. सुट्टीत तो तारकर्लीला जाऊन स्कुबाची गोडी लावून घेऊन आलाय. त्याचं म्हणणं, "टाकीवर २०७ बार लिहिलेलं असतं, पण तपासणी ३४५ बारला करतात. मग २४० भरली तर बिघडलं कुठे?"

प्रश्न तसा बिनतोड वाटतो. आधी मिळणार काय ते बघू. जगभर सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची. २०० बारला तिच्यात साधारण २२०० लिटर हवा मावते. दहा मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून वर मिनिटाला वीस लिटर लागत असेल तर तिथे चाळीस. पन्नास बार राखीव ठेवले तर चाळीसेक मिनिटं मिळतात. २०० ऐवजी २४० भरली की कागदावर अकरा मिनिटं वाढतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण एवढ्या दाबाला हवा हिशेबाइतकी दबत नाही. शिवाय घाईने भरलेली टाकी तापते, काटा वर दिसतो आणि पाण्यात उतरल्यावर तोच काटा निमूट खाली येतो.

आता तपासणी. लांब कशाला, कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही वेल्डिंगच्या शेडमध्ये जा. काळ्या ऑक्सिजन सिलिंडरच्या खांद्यावर हात फिरवला की रंगाच्या थरांखाली ठोकलेली अक्षरं बोटाला लागतात : डब्ल्यूपी १५०, टीपी २५०, शेजारी तपासणीचा महिना आणि साल. पहिला आकडा रोजच्या वापराचा, दुसरा चाचणीचा. दोन्हींचं गुणोत्तर तीनास पाच. आपल्या वाचकाच्या २०७ आणि ३४५ मध्येही तेच आहे.

ही चाचणी हवेने नव्हे, पाण्याने करतात. टाकी पाण्याने काठोकाठ भरून पाण्याच्याच बंद पिंपात ठेवायची आणि दाब चढवायचा. टाकी किंचित फुगते, तेवढं बाहेरचं पाणी सरकतं, ते मोजायचं. दाब काढला की टाकी मूळ मापावर यायला हवी. फुगलेल्यातला दहा टक्क्यांहून जास्त भाग तसाच राहिला तर टाकी बाद. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी ती नुसती गळते. तीच टाकी २०० बार हवेने भरलेली असताना फाटली तर मोकळी होणारी ऊर्जा ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीएवढी असते. चाचणीचा दाब काही वर्षांतून एकदा, पाण्याचा आणि माणसं लांब उभी असताना. वापराचा दाब शेकडो वेळा, हवेचा आणि माणसाच्या पाठीला बांधलेला. दोन आकड्यांमधली जागा मोकळी दिसते म्हणून ती वापरायला ठेवलेली नसते. गंज, ओरखडे, ऊन आणि प्रत्येक भरणीला धातूला बसणारा ताण या सगळ्यांचं भाडं त्याच जागेतून जातं.

इथे धातूधातूंत फरक आहे. पोलादाला ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी खालची मर्यादाच नाही, प्रत्येक भरणी त्याच्या खात्यात जमा होत राहते. त्यातही ६३५१ या जुन्या मिश्रधातूच्या टाक्यांच्या मानेला भेगा पडल्या, काही फुटल्या, आणि १९८० च्या दशकाअखेर मोठ्या उत्पादकांनी तो सोडून ६०६१ धरला.

आमच्या वाचकाच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो लपवणं बरं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत शिरणारे पाणबुडे २४०० पीएसआयच्या पोलादी टाक्या ३६०० पर्यंत भरून वर्षानुवर्षं वापरतात आणि त्या धडाधड फुटत नाहीत. तिथल्या नियमातही एक फट आहे : चाचणीत नीट उतरलेल्या पोलादी टाकीवर अधिकचं चिन्ह ठोकलं असेल तर दहा टक्के जास्त, म्हणजे २६४० भरता येतं. पण ती सवलत मोजून, तपासून दिलेली, आणि ॲल्युमिनियमला ती नाहीच. २६४० पासून ३६०० पर्यंतचं अंतर कुणीच मोजून दिलेलं नाही, ते या मंडळींनी आपल्या हिमतीवर घेतलंय.

हिमतीवरही म्हणवत नाही, कारण टाकी फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो भरताना. तेव्हा पाणबुड्या बहुधा चहा घेत असतो. कॉम्प्रेसरपाशी नळी धरून उभा असतो तो पगारावरचा पोरगा. जादा मिनिटं एकाची आणि टाकीजवळची जागा दुसऱ्याची, हा व्यवहार मला तरी पटत नाही. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत, ते राबवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे, आणि ठरलेल्या दाबापलीकडे भरायला त्यात मुभा नाही. पण त्या पोराला कायद्याच्या पुस्तकापेक्षा गिऱ्हाइकाचं "भर रे अजून थोडी" जास्त ऐकू येतं.

जास्त हवा हवीच असेल तर मोठी टाकी घ्या. १५ लिटरची टाकी २०० बारलाच ३००० लिटर देते. २४० बारचा सगळा खटाटोप करूनही लहान टाकी तिथवर पोचत नाही. खांद्याला थोडी जड लागेल, तारकर्लीची वाळू तुडवताना शिव्याही घालाल. पाण्यात उतरलं की तो भार जाणवत नाही.

पुढच्या आठवड्यात सीएनजी : भर उन्हात तापलेल्या रिक्षाच्या टाकीत २०० बारचं काय होतं.