फाइल एक सांगते, पाठ दुसरेच

खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया थोडक्या वेळात आटोपते आणि काही दिवसांत रुग्णालय डिस्चार्जचा कागद हातात ठेवते. खरे काम पुढे असते: सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा उभे करायचे, वॉकर धरून संडासापर्यंत चालवायचे, अर्धांगवायू झाला असेल तर घास गिळायला शिकवायचे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत यासाठी पुनर्वसन केंद्रे निघाली आहेत. बहुधा दिवसाचा दर ठरतो आणि खोली, जेवण, नर्सिंग, फिजिओथेरपी त्यातच धरलेली असते. मुले नोकरीत किंवा परदेशात आणि घर बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असले, की कुटुंबापुढे दुसरा मार्ग उरत नाही. चांगले केंद्र माणसाला चालता करून घरी धाडते. जिथे आबाळ होते तिथून तो आधीपेक्षाही खंगून परततो.

ही आबाळ सहसा दुष्टाव्यातून होत नाही. हात कमी पडतात. कूस बदलणे, भरवणे, पॅड बदलणे, अंग पुसणे ही कामे मावशी आणि मामा करतात. ते बरेचदा एजन्सीकडून आलेले असतात, पाळी बारा तासांची असते आणि रात्री एकीवर कितीतरी रुग्ण येतात. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, परिचारिकांची नर्सिंग कौन्सिलकडे. ज्यांच्या हातांवर रुग्णाचा सारा दिवस जातो त्या मावशींची मात्र कोणत्याच परिषदेत नोंद नसते. त्यामुळे सिस्टर आणि डॉक्टर जागेवर असतानाच्या दुपारच्या भेटीतून फारसे हाती लागत नाही. रविवारची संध्याकाळ किंवा भरवण्याची वेळ गाठली, तर केंद्र खरे कसे चालते ते कळते.

पहिली खूण बहुतेकदा पाठीवर उमटते. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते, तिचा रक्तपुरवठा खुंटतो आणि अशक्त माणसात काही तासांतच इजा सुरू होते. म्हणूनच दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात आहे. आधी लालसर डाग येतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो क्षणभरही फिका पडत नसेल, तर तो बेडसोरचा पहिला टप्पा समजावा. सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही. तिथे हाताला लागणारी ऊब, कडकपणा किंवा आजूबाजूपेक्षा गडद पडलेला रंग यावरून ओळखावे लागते. चौथ्या टप्प्यात जखम स्नायूपर्यंत, हाडापर्यंत जाते. एअर बेड लावला म्हणून कूस बदलणे टळत नाही, जरी तो लावल्यावर नेमके तेच टाळले जाते. अतिशय खालावलेल्या माणसाला उत्तम सेवेतही जखम होऊ शकते, हे इथे नोंदवायला हवे. पण ती घरच्यांना आधी दिसली आणि फाइलमध्ये तिचा मागमूस नसेल, तर तिथे कोणी पाहतच नव्हते हे उघड आहे.

फाइलमध्ये कूस बदलल्याचा तक्ता असतो आणि तो वाचण्यासारखा असतो. रात्रीचे दहा, बारा, दोन, चार, सहा अशा सर्व रकान्यांत एकाच पेनाने, एकाच दमात केल्यासारख्या सह्या असतील, किंवा सकाळी नऊलाच दुपारचे रकाने भरलेले असतील, तर तक्ता पलंगाजवळ नाही, टेबलावर बसून भरला जातो.

बाकीच्या खुणा तितक्या ठळक नसतात. म्हातारपणी तहान कमी लागते. पाणी हाताशी ठेवून चालत नाही, पाजावे लागते. सुकलेली जीभ, गडद लघवी आणि अचानक आलेला गोंधळ यामागे अनेकदा पाण्याची कमतरताच असते. अर्धांगवायूनंतर गिळण्याची क्रिया बिघडली असेल आणि आडवे ठेवूनच भरवले, तर अन्न श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाला बसवून भरवायचे आणि नंतरही अर्धा तास बसते ठेवायचे असते. सर्वांत फसवी खूण म्हणजे शांतपणा. ‘आजी आता अजिबात त्रास देत नाहीत’ असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा झोपेचे किंवा गुंगीचे औषध सुरू केले का, कोणी आणि कशासाठी, हे विचारायलाच हवे. गुंगी नसेल तर तो डेलिरियमही, म्हणजे अचानक येणारा गोंधळही, असू शकतो, कारण त्याचा एक प्रकार माणसाला गप्प करतो.

‘काही बोललो तर राग बाबांवर निघेल’ या भीतीने बहुतेक घरे गप्प बसतात. भीती निराधार नाही, पण ओरडून भांडण्याने ती खरी होण्याचा संभव वाढतो आणि घरच्यांचा राग सहसा मावशीवरच निघतो. त्यापेक्षा नेमके मागणे उपयोगी पडते: नर्सिंग इन्चार्जची भेट, कूस, पाणी आणि चालण्याचे आठवड्याचे लेखी नियोजन, जखमेची मापासह नोंद. बोलणे झाले की तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने पाठवावा. जखमेचे फोटो तारखेसह ठेवावेत आणि बाहेरच्या डॉक्टरांचे मत घ्यावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी उपचारांची कागदपत्रे द्यायची असतात.

तक्रार कुठे करायची, हे केंद्राची नोंदणी कशी आहे यावर ठरते. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या त्याच्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. शहरांत ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो आणि तक्रारही तिथेच जाते. पण काही केंद्रे वृद्धाश्रम किंवा ‘केअर होम’ या नावाखाली चालतात, म्हणून नोंदणी प्रमाणपत्र दाखल करतानाच पाहिलेले बरे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा अनेकांना आठवतो, पण त्याचा मुख्य भर पोटगीवर आणि मालमत्तेवर आहे. केंद्रातल्या हयगयीला तो फारसा लागू पडत नाही. कुठे जावे हेच कळत नसेल तर १४५६७ ही एल्डरलाइन माहिती देते.

पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही.

सुधारणा दिसत नसेल तर निकालाची वाट न पाहता जागा बदलावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. नव्या ठिकाणी दाखल होतानाच टाचांपासून पाठीपर्यंत सर्व अंग तपासून जखमांची जागा, माप आणि टप्पा दाखल-पत्रात लिहून घ्यावा. एरवी जुने केंद्र जखम नंतरची म्हणते आणि नवे आधीची.