मनगटाची गाठ : कापडाची की धातूची?

कुंडलिकेच्या काठी, पहिल्या आसफजाहच्या काळात, १७२५ साली उभारलेल्या गढीमुळे जालना शहराच्या एका भागाला मस्तगड हे नाव मिळाले. या भागातील आमच्या जुन्या घरात गेल्या मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न ठरले आणि याद्या, आमंत्रणे व भोजनाचे बेत बाजूला राहून एका अगदी लहान वस्तूवरून चर्चा पेटली. ती वस्तू म्हणजे कफलिंक. स्वागतसमारंभाच्या सुटासाठी दुहेरी कफाचा शर्ट शिवला गेला होता आणि त्या कफाला बटणे नव्हती.

थोरल्या बंधूंनी तिजोरीतून एक डबी काढली. तिच्यात दादाजींची सोन्याची बटणे होती. मोंढ्यात आडतीचे दुकान सुरू केल्यावर त्यांनी सदऱ्यासाठी करून घेतलेली, साखळीने जोडलेली चार बटणे. "हे वितळवून कफलिंक करू, नाहीतरी पडूनच आहे," असे बंधू म्हणाले. पुतण्याने नम्रपणे सांगितले, "काकासाहेब, मला कापडी गाठींचेच हवे आहेत. सोने मिरवावेसे वाटत नाही." दादीजी तोवर काही बोलल्या नव्हत्या. मग त्या म्हणाल्या, "वितळवलेले सोने सोनेच राहील, पण ती बटणे राहणार नाहीत." या एका वाक्याने प्रश्न पोशाखाचा राहिला नाही. आपल्या अनेक घरांत असाच प्रश्न येतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम वस्तू समजून घेऊ. साध्या शर्टाच्या कफाला एका बाजूस बटण व दुसऱ्या बाजूस काज असते. दुहेरी कफ मात्र लांब असतो. तो उलटा दुमडायचा, मग चारही काजे एका रेषेत येतात आणि त्यांतून कफलिंक ओवला जातो. म्हणून कफलिंक विकत घेण्यापूर्वी शर्ट पाहावा. शिवताना शिंप्याला 'दोन्ही बाजूंस काज' असे स्पष्ट सांगावे, अन्यथा सुंदर कफलिंक डबीतच राहतात.

युरोपात सतराव्या शतकापूर्वी बाह्यांची टोके फितीने बांधत असत. पुढे दोन बटणे छोट्या साखळीने जोडून ती काजांतून घालण्याची रीत आली. आपल्याकडेही फार वेगळे घडले नाही. अंगरखा आणि बाराबंदी कापडी बंदांनी बांधत. नंतर कापडाची गुंडी आणि दोऱ्याचा फासा आला, आणि मग सधन घरांत सदऱ्यावर चांदी-सोन्याची बटणे आली. म्हणजे कापड आणि धातू यांचा हा संवाद आपल्या अंगावर फार पूर्वीपासून चालू आहे. रंगीत दोऱ्यांच्या दोन गाठी लवचिक दोरीने जोडलेला कफलिंक विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील शार्वे या शर्टांच्या प्रसिद्ध दुकानामुळे लोकप्रिय झाला. पुढे पुष्कळ दुकानदार नव्या शर्टाचा कफ जागेवर राहावा म्हणून अशा गाठी शर्टासोबतच देऊ लागले.

आता प्रसंगांचा विचार. धातूच्या कफलिंकमध्ये वजन असते, चमक असते आणि टिकाऊपणा असतो. लग्नाचा स्वागतसमारंभ, साखरपुडा, नव्या दुकानाचे उद्घाटन, दिवाळीचे वहीपूजन अशा मंगल प्रसंगी धातू शोभतो. मनगटावरील घड्याळ आणि कमरेच्या पट्ट्याचे बक्कल ज्या रंगाचे, त्याच रंगाचा कफलिंक घ्यावा. सोनेरी घड्याळाशेजारी रुपेरी कफलिंक उपरा दिसतो. दर्शनी भाग साधारण दीड सेंटिमीटरहून मोठा नसावा. त्याहून मोठा झाला की तो दागिना न राहता पाटी होतो.

कापडी गाठ हलकी असते, वाजत नाही आणि लक्ष वेधून घेत नाही. रोजची पेढी, बँकेतील किंवा पुरवठादारांशी होणारी बैठक, रेल्वेचा प्रवास, दिवसभराचे प्रदर्शन येथे ती सोयीची. प्रवासात हरवली तरी जीव हळहळत नाही. सांत्वनाला जाताना तर कापडीच उत्तम. शोकाच्या घरात चमक नको. चातुर्मासात प्रवचनाला किंवा तपोधामाच्या दर्शनाला जाताना साधा सुती सदराच पुरे. सामायिकाला बसताना अंगावरचे दागिने उतरवण्याची आपल्या अनेक घरांतील रीत आहे. तेथे कफलिंकचा प्रश्नच उरत नाही.

दोन्हींचे दोषही जाणून घ्यावेत. कापडी गाठ घाम व मळ शोषते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फिकट रंगाची गाठ थोड्याच दिवसांत काळवंडते, आणि आतील लवचिक दोरी सैल झाली की ती काजातून निसटते. ती कोमट पाण्यात हाताने धुवावी, पिळू नये, सावलीत वाळवावी. चांदी हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते, म्हणून ती मऊ कापडात गुंडाळून बंद डबीत ठेवावी आणि अत्तर लावून झाल्यावरच घालावी. स्वस्त पितळी कफलिंकवरील मुलाम्यात निकेल असल्यास काहींच्या त्वचेला खाज सुटते. अशांनी चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. जालना पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे खरे, पण बांधकामाची सळई आणि न गंजणारे स्टेनलेस स्टील या दोन वेगळ्या जाती आहेत, हे घरातील तरुणांनाही ठाऊक असावे.

सोने घ्यायचे तर व्यापाऱ्याच्या डोळ्याने घ्यावे. बावीस कॅरटमध्ये हजारात ९१६ भाग सोने, अठरामध्ये ७५० आणि चौदामध्ये ५८५. कफलिंकच्या मागची फिरती दांडी रोज वळवली जाते; बावीस कॅरट मऊ असल्याने ती लवकर झिजते, म्हणून अठरा कॅरट अधिक टिकते. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आवश्यक ठरला. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना यातून सूट आहे. म्हणून अगदी हलके कफलिंक घेताना शुद्धता पावतीवर लिहून घ्यावी. जुने सोने मोडायचे असेल तर आधी शुद्धता तपासून घ्यावी आणि घट व घडणावळ वेगवेगळी विचारावी.

आमच्या चर्चेत खरी कसोटी मात्र पुढे आली, ती पुतणीच्या एका प्रश्नाने. "दादा म्हणतो ती गाठ रेशमाची ना? मग ती सोन्याहून साधी कशी?" जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांचा बाजार भरतो, तेथे पांढऱ्याशुभ्र कोषांचे ढीग तिने पाहिले होते. अखंड धागा मिळावा म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोष उष्णतेने मारले जातात, हे तिला ठाऊक होते. पतंग उडून गेल्यानंतरच्या कोषांपासूनही रेशीम काढतात. कुसुमा राजय्या यांनी ते 'अहिंसा सिल्क' या नावाने रूढ केले. पण दुकानातील गाठ कोणत्या धाग्याची हे बहुधा लिहिलेले नसते. पुष्कळ गाठी तर रेयॉनच्या असतात आणि नाव मात्र रेशमाचे. तीच गोष्ट शिंपल्याच्या कफलिंकची आणि चामड्याचा तुकडा बसवलेल्या कफलिंकची. जुन्या डबीत हस्तिदंती जोड निघाला तर तो विकण्याचा विचारही करू नये. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे. म्हणून कापडी ते साधे आणि धातूचे ते दिखाऊ, असे सरसकट म्हणता येत नाही. वस्तू कशाची आहे, कशी मिळाली, हे विचारल्याशिवाय साधेपणा ठरत नाही.

दादीजींनी मग एक जुनी आठवण सांगितली. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. अनेक सोनारांचे हात रिकामे झाले. त्या वर्षी दुकानालाही पैशाची निकड होती आणि बटणे विकावीत असे दादाजींच्या मनात आले होते. "मी एक बांगडी दिली, पण बटणे राहू दिली," दादीजी म्हणाल्या. "दुकान उघडले त्या दिवशी ती त्यांच्या अंगावर होती." साठ वर्षांत ही गोष्ट आम्हांपैकी कोणालाही कळली नव्हती. बंधूंनी डबी मिटली आणि पुन्हा वितळवण्याचे नाव काढले नाही.

तोड सराफाकडील वृद्ध कारागिराने सुचवली. कफलिंकचा जुना प्रकार म्हणजे साखळीने जोडलेली दोन बटणेच. चार बटणांचे दोन जोड करायचे, मधली साखळी आखूड करायची. बटणांना धक्का लावायचा नाही. उरलेली साखळी त्याने तोलून परत दिली. वितळवणे नाही, घट नाही, मजुरी थोडी. हवे तेव्हा पुन्हा सदऱ्याची बटणेही करता येतील.

गाठींचेही जमले. घरच्या शिंप्याने शर्टाच्याच उरलेल्या सुती कापडाची बारीक दोरी शिवली आणि जुन्या अंगरख्याच्या गुंडीसारख्या चार गाठी वळून दिल्या. स्वागतसमारंभात पुतण्याच्या मनगटावर दादाजींची बटणे होती. दुसऱ्या दिवसापासून पेढीवर जाताना सुती गाठी आहेत.

आपल्या घरीही अशी एखादी डबी असेल. ती मोडण्यापूर्वी, किंवा नवे काही घेण्यापूर्वी, घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर ती एकदा उघडावी आणि ती कोणत्या दिवशी अंगावर होती, एवढे विचारावे.